आधी गळती, मग गती

परवा सकाळी सातला वहिनीचा फोन. इतक्या सकाळी घरच्यांचा फोन आला की माणूस आधी घाबरतो आणि मग उचलतो.

"भाऊजी, ती गाडी आजच्या आज विकून टाका. मला दारात नको."

म्हटलं, काय झालं? तर म्हणाली, "त्यालाच विचारा," आणि फोन ठेवून दिला.

'त्याला' म्हणजे माझ्या पुतण्याला. वय वर्षं एकवीस, चाकणला ट्रेनी. देहूहून निघायचं, इंद्रायणी ओलांडून येलवाडी, मग खालुंब्रे, महाळुंगे आणि पुढे कंपनी, असा रोजचा रस्ता. ज्यांनी तळेगाव-चाकण रस्त्यावर शिफ्ट सुटायच्या वेळी गाडी चालवली आहे त्यांना जास्त सांगायला नको. पुढे कंटेनर, मागे कंटेनर, मधे कंपन्यांच्या बस आणि उरलेल्या फटीत आपण. आणि गाडी म्हणजे दादाची जुनी क्रूझर, 2012 साली घेतलेली. दादाची कंबर बोलायला लागली तेव्हापासून ती पोराकडे आहे.

झालं ते असं. आदल्या रात्री सेकंड शिफ्ट सुटल्यावर साहेब कंटेनरच्या मागे रांगेत होते. पुढचा ब्रेक लागला, यानेही मूठ सोडली. पण इंजिनचा आवाज उतरेचना. मूठ पूर्ण बंद, तरी गाडी आपली पुढे रेटतेय. क्लच दाबायला अर्धा सेकंद उशीर झाला आणि पुढचं चाक कंटेनरच्या मागच्या लोखंडी पट्टीखाली गेलं. मडगार्ड चेपला. पोराला खरचटलंही नाही. पण वहिनीने चेपलेला मडगार्ड पाहिला आणि पुढचं चित्र तिचं तिने डोळ्यांसमोर आणलं. आईच ती.

आता हे इथे लिहायचं कारण गाडी नाही. कारण त्यानंतरच्या दोन दिवसांत मला मिळालेले सल्ले. आमच्या घराण्यात सल्ल्याला कधी तोटा नाही. आत्तेभाऊ म्हणाला, कार्बोरेटर नवा टाक, पाच-सात हजार जातील पण कटकट मिटेल. गॅरेजवाला म्हणाला, गाडी जुनी झाली, इंजिन खोलावं लागेल. पुतण्याच्या मित्रांनी सांगितलं, कोन फिल्टर लाव, फ्री-फ्लो सायलेन्सर लाव, गाडी मोकळी होईल, 'परफॉर्मन्स' वाढेल. आणि वहिनीचं तर सरळच होतं, विका.

चार सल्ले, चारही खर्चाचे, नाहीतर सुटकेचे. 'गाडीला नेमकं झालंय काय?' हा प्रश्न चौघांपैकी एकाने विचारला नाही. माझं भांडण या सवयीशी आहे. आणि पुढे कळेलच, त्यात एक आरोपी मी स्वतः आहे.

गाडीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. रबर कुठल्याही कंपनीचं असो, बारा-तेरा वर्षं उन्हात, इंजिनच्या उष्णतेत आणि पेट्रोलच्या वाफेत काढली की ते म्हातारं होणारच. त्यात कंपनीला बोल लावण्यात अर्थ नाही. पण क्रूझर म्हणजे काय ते मात्र सांगायला हवं, कारण सगळा वाद तिथेच येऊन थांबतो.

आपल्या या पट्ट्याला क्रूझरची ओळख जुनी आहे. आकुर्डीच्या बजाजने कावासाकीबरोबर एलिमिनेटर आणली ती 2001 च्या सुमारास. दिसायला देखणी, पण त्या वेळी आपल्या खिशाला जड. मग 2005 मध्ये त्याच घडणीची अ‍ॅव्हेंजर आली, किंमत आवाक्यात आली आणि लांब हँडल, बुटकी सीट, पाय पुढे पसरून बसलेला माणूस हे दृश्य देहूरोडपासून मोशीपर्यंत नेहमीचं झालं. ही बैठक शर्यतीसाठी नाही. साठ-पासष्टच्या वेगाने, चौथ्या-पाचव्या गिअरमध्ये, मूठ जेमतेम पिळून, तास-दोन तास न कंटाळता जाण्यासाठी आहे. क्रूझरचं सगळं आयुष्य जातं ते मुठीच्या पहिल्या पाव फेऱ्यात. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता थोडी हवा-पाण्याची गोष्ट. पेट्रोल इंजिनला नीट जळायला एक किलो पेट्रोलमागे साधारण 14.7 किलो हवा लागते. आपल्या भाषेत सांगायचं तर एक लिटर पेट्रोल जाळायला जवळजवळ नऊ हजार लिटर हवा. म्हणजे गाडी पेट्रोलवर चालते असं आपण म्हणतो, पण खरं तर ती हवेवर चालते, पेट्रोल नुसतं तोंडी लावायला. कार्बोरेटरचं काम हे प्रमाण राखायचं. त्यातून जितकी हवा जाईल त्या हिशोबाने तो पेट्रोल सोडतो. त्याच्या मागून, चोरवाटेने, कोणी हवा आत घेतली तर ती त्याच्या हिशोबात येत नाही. पेट्रोल तेवढंच, हवा जास्त. मिश्रण पातळ. आपले मेकॅनिक लोक याला झकास शब्द वापरतात, "गाडी एअर घेते."

ही चोरवाट बहुतेक वेळा कार्बोरेटर आणि इंजिनच्या हेडच्या मधे असते. तिथे एक रबरी मॅनिफोल्ड असतो, त्याला क्लॅम्प असतो, हेडला चिकटतो तिथे ओ-रिंग असते, काही गाड्यांना व्हॅक्यूमच्या बारीक नळ्या किंवा त्यांच्या तोंडाला रबरी टोप्या असतात. यातलं काहीही चिरलं, सैल झालं की हवा आत.

आणि गंमत बघा. मूठ बंद असते तेव्हा आत ओढ सगळ्यात जास्त असते. पिस्टन जीव तोडून हवा ओढतोय आणि समोरचं दार जवळजवळ बंद. त्या दाराची फट केसाएवढी, आणि चिरेची फटही केसाएवढी. म्हणजे स्लोवर असताना ती चीर म्हणजे दुसरं दारच झालं की! मूठ पूर्ण पिळली की मुख्य दार सताड उघडतं, ओढ कमी होते, मग त्या चिरेला कोण विचारतो. म्हणून गळतीची गाडी हायवेवर जोरात पळताना बरी वाटते आणि गावात, सिग्नलला, रांगेत जीव खाते. सकाळी थंड असताना चोकशिवाय उभी राहत नाही. गरम झाली की स्लो आपोआप चढतो. मूठ सोडली तरी आवाज उतरत नाही. उतारावर सायलेन्सरमधून फटाके फुटतात. एका वेगावर धरली तर मधेच ओढते, मधेच सोडते. प्लग काढला तर पांढराफटक.

आमच्या गाडीत हे सगळं होतं. गेली दोन वर्षं होतं.

आता आरोपी क्रमांक एकची कबुली. 2023 च्या हिवाळ्यात पोराने पहिल्यांदा सांगितलं, "काका, सकाळी बंद पडते." मी काय केलं? स्क्रू ड्रायव्हर घेतला, मिश्रणाचा स्क्रू अर्धा फेरा बाहेर काढला, स्लो थोडा वाढवला. गाडी टुणटुणीत. मी हात झटकले, वहिनीने चहा दिला, मी हुशार ठरलो. सहा महिन्यांनी पुन्हा तेच. तेव्हा स्लो जेट एक नंबर मोठा टाकला. पुन्हा टुणटुणीत. म्हणजे चोर हवा आत घेत होता आणि मी त्याच्या बरोबरीने पेट्रोल ओतत होतो. चीर वाढत गेली, ॲव्हरेज अडतीसवरून एकतीसवर आलं, आणि मी सगळ्यांना सांगत होतो की हल्ली पेट्रोलच बेकार येतं.

परवा कंटेनरखाली गेलेल्या त्या चाकामागे माझा तो अर्धा फेरा होता. हे मला रात्री झोपताना कळलं आणि मग झोप लागली नाही.

आणि लाज कशाची वाटते सांगू? मी मेंटेनन्समधला माणूस आहे. गेली अठरा वर्षं कारखान्यात हेच करतोय. ज्यांना कारखान्याचा अनुभव नाही अशा नातेवाइकांसाठी सांगतो. कारखान्यात विजेसारखीच हवाही पाइपातून फिरते. मोठा कॉम्प्रेसर हवा दाबतो आणि ती लाईनमधून प्रत्येक मशिनपर्यंत जाते. या लाईनला गळत्या असतात. कपलर, होज, जुना सील, जिथे तिथे. ज्या कारखान्यात कोणी लक्ष देत नाही तिथे कॉम्प्रेसरच्या हवेतली 20 ते 30 टक्के अशीच फुस्स होते, हे आमच्या धंद्यातलं सर्वमान्य गणित आहे. दिवसा मशिनच्या आवाजात ते ऐकू येत नाही. रविवारी सगळं बंद असताना शेडमधून चाललं की ऐकू येतं, स्स्स्स, जणू दहा साप बसलेत. मग आम्ही साबणाचं पाणी घेऊन फिरतो. जिथे बुडबुडा तिथे लाल टॅग.

लाईनवर प्रेशर पडतं म्हणून कोणी नवा कॉम्प्रेसर मागायला गेला, तर साहेब पहिला प्रश्न विचारतात, "गळत्या बघितल्या का?" न बघता गेला तर त्याची बिनपाण्याने होते. हे आम्हाला पाठ आहे. भिंतीवर 'फाइव्ह व्हाय'चे तक्ते लावलेत. एकदा 'का' विचारून थांबायचं नाही, पाचदा विचारायचं, मूळ सापडेपर्यंत.

आणि गेटबाहेर पार्किंगमध्ये आलो की? एकही 'का' नाही! आत कोट्यवधींच्या मशिनला पाच 'का' विचारणारे आपण, बाहेर स्वतःच्या, स्वतःच्या पोराच्या गाडीला स्क्रू फिरवून मोकळे. भोसरीपासून चाकणपर्यंत निम्मं जग गाड्यांचे भाग बनवतं. या पट्ट्यात घरटी एक माणूस फिटर, टर्नर, क्वालिटी, टूलरूम, काही ना काही आहे. सील म्हणजे काय, ओ-रिंग म्हणजे काय, हे ज्या माणसांना झोपेत विचारलं तरी सांगता येईल ती माणसं गाडीच्या बाबतीत एकदम भाविक होतात. खंडेनवमीला गाडीला हार घालतील, हळदकुंकू लावतील, लिंबू-मिरची बांधतील, पण तीस रुपयांची ओ-रिंग दहा वर्षांत कधी बदलणार नाहीत. हार घाला हो, मीही घालतो. पण हार घालायला खाली वाकलाच आहात तर त्या रबराकडे एकदा बघा.

असो. रविवारी मी आणि पुतण्या अंगणात बसलो. काय केलं ते सविस्तर लिहितो, कारण यात काहीही अवघड नाही आणि कोणीही करू शकेल.

पहिली गोष्ट, गाडी पूर्ण गार असताना सुरू केली आणि स्लोवर ठेवली. झाडांवर पाणी मारायची फवारणीची बाटली घेतली. साधं पाणी. काही मेकॅनिक या ठिकाणी पेट्रोल किंवा कार्ब क्लीनर मारतात. चालू इंजिनवर, प्लगशेजारी पेट्रोल! तो धंदा कृपा करून करू नका, त्यापेक्षा पाणी बरं. मॅनिफोल्डच्या सांध्यावर पाणी मारलं. चीर असेल तर पाणी क्षणभर ती बुजवतं आणि इंजिनचा आवाज बदलतो. डाव्या बाजूने मारलं, काही नाही. खालून क्लॅम्पवर मारलं आणि आवाज टुकटुक करत उतरला. पुतण्याचा चेहरा बघण्यासारखा होता. "काका, पुन्हा मारा," म्हणाला. पुन्हा मारलं, पुन्हा उतरला.

मग गाडी बंद केली आणि मॅनिफोल्ड काढला. वरून बघितला तर अगदी धडधाकट. दोन्ही हातांनी वाकवला तेव्हा क्लॅम्पच्या खालची चीर तोंड उघडून हसली. नखाएवढी लांब. मागची ओ-रिंग काढली, ती गोल असायला हवी, तर एका बाजूने सपाट आणि प्लास्टिकसारखी कडक. आणि व्हॅक्यूमच्या तोंडावरची रबरी टोपी हात लावताच दोन तुकडे. एका ठिकाणी शोधायला गेलो आणि तीन सापडले. बहुधा असंच असतं. एकाच वयाची रबरं एकाच वेळी म्हातारी होतात.

मग ॲल्युमिनिअमच्या फ्लँजवर स्टीलची पट्टी उभी धरून उजेडात पाहिलं. मधून उजेड दिसत होता. म्हणजे कोणीतरी कधीतरी बोल्ट जोर लावून आवळले होते आणि फ्लँज वाकली होती. (कोणीतरी म्हणजे कोण ते विचारू नका.) काचेवर बारीक पॉलिश पेपर ठेवून, आठाच्या आकड्यात हळूहळू घासून ती सपाट केली. वीस मिनिटं लागली. हे काम पुतण्याने केलं. कंपनीत सरफेस प्लेटवर निळा रंग लावून सपाटी बघायला तो शिकलाय, तेच इथे केलं.

भोसरीहून नवा मॅनिफोल्ड, नवी टोपी आणि व्हायटनची ओ-रिंग आणली. साधं रबर चालतं, पण व्हायटन उष्णतेत आणि पेट्रोलमध्ये जास्त टिकतं आणि किमतीचा फरक एका वडापावचा. सगळं मिळून पाचशेच्या आत. आणि एक ताकीद, चीर दिसली की तिच्यावर सिलिकॉनचा गम थापायचा मोह होतो. थापू नका. पेट्रोल त्याला फुगवतं, तो सुटतो आणि तुकडा आत ओढला जातो. ठिगळ लावायची ही जागा नव्हे.

बसवल्यावर मी स्लो जेट पुन्हा मूळ नंबरचा टाकला आणि मिश्रणाचा स्क्रू कंपनीच्या मूळ जागी आणला. ही पायरी विसरू नका. गळती बुजवली आणि जुनं 'ट्यूनिंग' तसंच ठेवलं तर गाडी काळा धूर ओकेल आणि तुम्ही म्हणाल, बघा, उगाच हात लावला.

मग चावी. पहिल्या सेल्फला सुरू. मूठ पिळली, सोडली, आवाज लगेच खाली. पुन्हा पिळली, सोडली, पुन्हा खाली. पुतण्याने हे दहा वेळा केलं. मी त्याला थांबवलं नाही.

आता कोन फिल्टर आणि फ्री-फ्लो सायलेन्सरवाल्यांशी दोन शब्द. तुमच्यावर माझा राग नाही, विसाव्या वर्षी माझ्या गाडीलाही मी काय काय लावलं होतं ते दादा सांगेल. पण हिशोब बघा. त्या दोन वस्तूंचा काही फायदा झालाच तर तो मूठ पूर्ण पिळल्यावर, इंजिन वरच्या फेऱ्यांत असताना, तोही जेट नीट जुळवल्यावर. क्रूझर तिथे कधी जाते? वर म्हटलं तसं तिचं आयुष्य पहिल्या पाव फेऱ्यात. आणि गळती सगळ्यात जास्त चावते तीही त्याच पाव फेऱ्यात. म्हणजे जिथे दुखतंय तिथे मलम नाही आणि जिथे आपण कधी जात नाही तिथे दहा हजारांची पट्टी. वर फिल्टर आणि सायलेन्सर दोन्ही मोकळे केले की मिश्रण आणखी पातळ होणार. आधीच एअर घेणाऱ्या गाडीला आणखी हवा! तापाच्या पेशंटला शेगडीजवळ बसवण्याचा प्रकार.

शिवाय मूळ एअरबॉक्स काढून तिथे उघडा कोन लावायचा तो कुठे? तर तळेगाव-चाकण रस्त्यावर, जिथे दुपारी पांढरा शर्ट संध्याकाळी मातीचा होतो. ती धूळ सिलेंडरमध्ये गेली की पॉलिश पेपरचंच काम करते, फक्त आपल्याला नको तिथे. आमच्याच गाडीत एअरबॉक्सकडून कार्बोरेटरला येणारी नळी थोडी निसटलेली होती आणि तिच्या आतल्या बाजूला धुळीचा तांबूस ओघळ होता. कार्बोरेटरच्या आधीची गळती आवाजात कळत नाही, ती पुढच्या काही वर्षांत रिंगा खाऊन कळते.

आणि सायलेन्सरचं म्हणाल तर कायदाही तुमच्या बाजूने नाही. मोटार वाहन कायद्यातली आवाज-प्रदूषणाची कलमं 2019 नंतर कडक झाली आहेत, दंड दहा हजारांपर्यंत आणि लायसन्सवरही गदा. जप्त केलेल्या सायलेन्सरांवर रोडरोलर फिरवल्याचे फोटो तुम्ही पाहिलेच असतील. कायदा राहू द्या. गावात पहाटे काकडआरती चालू असते, म्हाताऱ्यांचा डोळा लागलेला असतो, आणि त्यात तुमचे फटाके. ज्याला तुम्ही 'क्रूझरचा बेस' म्हणता, तो फटफटाट पुष्कळदा पातळ मिश्रणाचा खोकला असतो. आजाराला आपण रुबाब समजतोय.

आता दुसरी बाजू, कारण तीही खरी आहे. गॅरेजवाल्याला मी शिव्या घालत बसणार नाही. त्याचा विचार करा. त्याने तासभर खपून चीर शोधली आणि तीस रुपयांची ओ-रिंग बदलली, तर बिल किती करणार? दोनशे सांगितले तरी आपण म्हणणार, "तीस रुपयांच्या रिंगेला दोनशे?" तेच पाच हजारांचा कार्बोरेटर टाकला तर मजुरीचे आठशे आपण मुकाट देतो. मग तो बिचारा कशाला शोधेल? वस्तू बदलण्याचे पैसे आपण देतो, शोधण्याचे देत नाही. डॉक्टरला नुसतं तपासायची फी देताना आपण कुरकुरतो पण देतो. मेकॅनिकच्या कानाला आणि बोटाला ती फी नाही. ही लबाडी त्याची नाही, आपली आहे. म्हणून माझी एक सूचना, पुढच्या वेळी गॅरेजमध्ये जाल तेव्हा आधीच सांगा, "काही बदलू नका. नुसतं शोधा. शोधायचे तीनशे देतो." बघा काय फरक पडतो.

कोणी म्हणेल, आता सगळ्या गाड्या फ्युएल इंजेक्शनच्या, हे कार्बोरेटरपुराण कशाला? बरोबर आहे, 2020 मध्ये बीएस-6 आल्यापासून नव्या गाड्यांत कार्बोरेटर जवळजवळ संपला. पण इंजेक्शनच्या गाडीलाही मॅनिफोल्ड असतो, रबर असतं, ओ-रिंग असते. तिथला कॉम्प्युटर ऑक्सिजन सेन्सरच्या सांगण्यावरून पेट्रोल थोडं वाढवून गळती सांभाळून घेतो, म्हणजे मी स्क्रू ड्रायव्हरने जे केलं तेच तो इमानदारीत, सेकंदासेकंदाला करतो. त्यामुळे दुखणं आणखी उशिरा कळतं, एवढंच.

आणि तुमच्यातल्या चिकित्सक मंडळींसाठी, होय, प्रत्येक पातळ मिश्रण म्हणजे गळती नव्हे. स्लो जेटमध्ये कचरा असेल, टॅपेट घट्ट झाले असतील, थ्रॉटलची केबल अडकत असेल, तरी लक्षणं पुष्कळशी अशीच. म्हणून तर म्हणतो, आधी तपासा. पाण्याने आवाज बदलला नाही, तर पुढच्या शक्यतेकडे जा. मी 'गळतीच असणार' असं म्हणत नाही. 'आधी गळती नाही ना, हे बघा' म्हणतो. बाटली वीस रुपयांची, पाणी फुकट.

एक आजची गोष्टही यात मिसळली आहे. 2025 पर्यंत देशभर पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल आलं. इथेनॉलला जळायला हवा कमी लागते, किलोला नऊच्या आसपास. त्यामुळे आताच्या पंपावरच्या पेट्रोलला 14.7 ऐवजी साडेतेराच्या जवळपास हवा पुरते. जुन्या गाडीचे जेट मात्र जुन्या पेट्रोलच्या मापाचे. म्हणजे चीर नसतानाही मिश्रण थोडं पातळच, आणि चीर असेल तर दोन्ही मिळून. पूर्वी जी बारीक गळती खपून जायची ती आता खपत नाही. पेट्रोलवर भांडायचं तर जरूर भांडा, त्यात मीही आहे. पण त्या नावाखाली आपली तीस रुपयांची रिंग लपवू नका. मी दोन वर्षं लपवली.

शेवटी हिशोब. खर्च पाचशेच्या आत, मडगार्ड ठोकून सरळ करायचे दीडशे वेगळे. गेल्या तीन टाक्यांचं ॲव्हरेज 37-38, म्हणजे गाडी जिथे होती तिथे परत. पिकअप नवा काही मिळाला नाही. जो होता तो चोरीला गेला होता, तो मिळाला. 'परफॉर्मन्स' म्हणतात तो हाच. तो दुकानातून आणायच्या आधी, आपला कुठे सांडतोय ते बघायला हवं.

वहिनी अजून पूर्ण शांत नाही. पोराला निघताना रोज अंगणात मूठ पिळून सोडून दाखवावी लागते. आवाज उतरला की ती आत जाते. मला वाटतं याहून चांगली तपासणी कुठल्या सर्व्हिस सेंटरला होत नसेल.

मी तिला माझ्या अर्ध्या फेऱ्याबद्दल अजून सांगितलेलं नाही. वहिनी, तू हे वाचत असशील तर, सांगितलं आता.